साडेसात महिन्यांचं वीकेंड मशीन

रागाच्या गोष्टींचं एक बरं असतं, त्या आठवाव्या लागत नाहीत. आनंदाची गोष्ट सांगायची तर मला बायकोला विचारावं लागतं, "अगं, ते कधी झालं होतं?" राग मात्र मला वार, वेळ आणि समोरच्याच्या शर्टाच्या रंगासकट पाठ असतो. इथे ओमानात, अल हैलला आमच्या बिल्डिंगखाली चार मराठी माणसं चहाला जमली की कोणीतरी म्हणतंच, "सावंत, ते मशीनचं सांगा ना!" आणि दर वेळी मी ठरवतो की आज हसत सांगायचं. दुसऱ्या किश्श्यापर्यंत माझा आवाज चढतो, तिसऱ्याला वरून माझी बायको, सुनीता, गॅलरीत येऊन म्हणते, "हळू!"

तर सांगतो. हळू सांगतो.

मी गाला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. मूळचा कुडाळचा. राग आला की मालवणी सुटते, तेवढं सांभाळून घ्या. आमच्याकडे दरवाजे होतात. इथल्या घरांना लागतात तसे, जाड सागवानी, अंगभर फुलं-वेली कोरलेले. ते कोरतात इक्बालभाई. श्रीवर्धनच्या बाजूचे, वय छप्पन्न, एकाच बाकावर बावीस वर्षं. तिसरा जोगळेकर, बिल्डिंगमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरचा पुण्याचा कॉम्प्युटरवाला. आणि चौथा दळवी, वर्कशॉपचा मॅनेजर, त्याच्यावर फक्त अर्बाब, म्हणजे ओमानी मालक. दळवी ठाण्याचा. म्हणजे आपलाच माणूस. हे 'आपलाच माणूस' दात न खाता म्हणून बघायचा मी पुष्कळ प्रयत्न केलाय. जमत नाही.

* * *

सुरुवात दळवीनेच केली. एका सकाळी तो बाकापाशी येऊन उभा राहिला आणि स्वतःपेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला म्हणाला, "इक्बाल, एका दरवाजाला अकरा दिवस? बाहेरचे लोक मशीनवर दीड दिवसात काढतात. मी मशीन मागितलं, अर्बाब नको म्हणाले. मग कोरीव काम बंदच करू. तुझा व्हिसा पुढच्या वर्षी संपतो ना? बघू."

इक्बालभाईंनी पटाशी खाली ठेवली नाही. फक्त थांबवली. धाकटी मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती त्यांची.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मी जोगळेकरला हे चिडून सांगत होतो. तो म्हणाला, "सीएनसी राऊटरच हवंय ना? मग बनवू या की! लाकूड कोरणारी मोटर हातात धरायच्या ऐवजी कॉम्प्युटर फिरवतो, एवढंच तर आहे. प्लॅन फुकट मिळतात. ओपन सोर्स!"

ते 'ओपन सोर्स' त्याने असं म्हटलं, जसं कोणी 'दत्तकृपा' म्हणतं.

दुसऱ्या दिवशी मी इक्बालभाईंना विचारलं. मला वाटलं, ओरडतील. नाही ओरडले. म्हणाले, "सावंता, जी मशीन माझी भाकरी खाणार, ती मीच माझ्या हातानं बनवू?"

एक अख्खी पाकळी कोरून झाली. मग म्हणाले, "बनवू. दुसऱ्यानं आणलेल्या मशीनवर दुसरा बसंल. आपण बनवली तर आपण बसू."

* * *

आता प्लॅन. प्लॅन म्हणजे एकशे चाळीस पानांची फाईल. पहिल्या पानावर काय लिहिलेलं? 'सोपा वीकेंड प्रोजेक्ट'!

कुठला वीकेंड? कोणाचा वीकेंड? आमचा वीकेंड म्हणजे एक शुक्रवार, त्यातही इक्बालभाई जुम्मा करून, जेवून येणार अडीचला! पार्किंगशेजारची एक रिकामी खोली घरमालकाने दिली होती. तिथे आम्ही असे तेहतीस शुक्रवार काढले. साडेसात महिने!

आणि सगळी मापं इंचात. स्क्रू पाव इंची. शेजारी टीप: 'कुठल्याही जवळच्या हार्डवेअर दुकानात मिळेल.' मी गालातली अकरा दुकानं पालथी घातली. अकराही दुकानांतून एकच उत्तर, "सिक्स एमएम ले जाओ. सेम सेम."

सेम सेम नसतं! पाव इंच म्हणजे सहा पूर्णांक पस्तीस! पण आठवडाभर उन्हात फिरल्यावर माणूस सेम सेमवर विश्वास ठेवतो. आम्ही प्लॅनप्रमाणे भोकं पाडली आणि सिक्स एमएमचे स्क्रू लावले. अख्खा गाडा म्हाताऱ्याच्या दातासारखा हलायला लागला.

जोगळेकरने प्लॅनवाल्यांच्या फोरमवर लिहिलं की आमच्याकडे इंची स्क्रू मिळत नाहीत, मिलिमीटरचं ड्रॉइंग आहे का? तीन दिवसांनी कुठल्याशा थंड देशातून एकाने उत्तर दिलं, 'तुम्ही डॉक्युमेंटेशन वाचलंत का?'

मी म्हटलं, "त्याला लिहा, वाचलं. एकशे चाळीस पानं वाचली. पान त्र्याण्णवच नाहीये, ते कुठे आहे विचारा!"

उत्तर आलं, 'हा ओपन सोर्स प्रकल्प आहे. पान त्र्याण्णव तुम्ही लिहू शकता.'

* * *

मोटरी आणि कंट्रोलर बाहेरून मागवले. पार्सल अडकलं. का? तर पाठवणाऱ्या महाभागाने वर लिहिलं होतं, 'खेळणी'!

मी आणि जोगळेकर कुरिअरच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक तरुण ओमानी ऑफिसर, अतिशय सभ्य. त्याने एक मोटर हातात तोलली. दीड-दोन किलोचा लोखंडी ठोकळा.

"हे खेळणं?"

"नाही सर," मी म्हटलं. "मशीनचा पार्ट आहे."

"मशीन कुठाय?"

"अजून व्हायचंय."

"कुठल्या कंपनीचं मशीन?"

"कंपनी नाही."

"मग कोणी बनवलंय?"

आता इथे गप्प बसायला काय हरकत होती? पण जोगळेकर पुढे सरसावला, डोळ्यांत तीच दत्तकृपा. "सर, हे ओपन सोर्स आहे. हे सगळ्या जगाने मिळून बनवलंय!"

ऑफिसरने मान डोलावली. मोटर खोक्यात परत ठेवली. खोकं बाजूला सारलं आणि शांतपणे म्हणाला, "मग सगळ्या जगाचं पत्र घेऊन या."

परतीच्या वाटेवर मी गाडीत जोगळेकरशी एक शब्द बोललो नाही. एक बोललो, पण तो इथे सांगण्यासारखा नाही. शेवटी पाठवणाऱ्याकडून नवीन कागद आले, त्याला एकोणीस दिवस गेले.

* * *

हा किस्सा लहान आहे, पण सुनीता वर असेपर्यंत सांगून घेतो.

आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सतरा बायका यायच्या होत्या. सुनीताने गालिचा झाडायला व्हॅक्युम क्लीनर काढला, बटण दाबलं, आणि त्याच्या मागून पिवळ्या भुशाचा असा फवारा उडाला की सोफा, पडदे, वाणाची ताटं, सगळं एका रंगाचं झालं! कारण तो महिनाभर आमच्या मशीनचा सांगाडा कापतानाचा भुसा ओढत होता आणि मी फक्त बाहेरून पुसून ठेवला होता.

ती खाली खोलीत आली. केसांत भुसा. आम्ही तिघे उभे राहिलो. तिने मला नाही, जोगळेकरला विचारलं, "भाऊजी, तुमच्या त्या प्लॅनमध्ये काय असं लिहिलंय का, की बायकोचा व्हॅक्युम क्लीनर घ्या?"

जोगळेकर स्वभावाने खरं बोलणारा माणूस. त्याने फाईल उघडली. "हो वहिनी. पान बासष्ट. 'घरातला कुठलाही चालेल.'"

* * *

पुढचा सांगताना मला अजून घाम येतो.

मशीन पहिल्यांदा हललं तो शुक्रवार. जूनचा महिना, खोलीला एसी नाही, बाहेर सत्तेचाळीस. मशीनच्या बेडवर सागाची फळी लोखंडी शिकंज्यात आवळून धरलेली. जोगळेकरने लॅपटॉपवर बटण दाबलं आणि ते कटरचं डोकं सरळ, अलगद, काय सुंदर पुढे सरकलं म्हणून सांगू! इक्बालभाई वाकून बघत होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा लाकूड कोरलं जात होतं आणि त्यांचे हात रिकामे होते.

आणि लॅपटॉप हँग झाला.

कटर थांबेना. फळी संपली, तरी पुढे. त्या लोखंडी शिकंज्याच्या दिशेने. मी इमर्जन्सी स्टॉप दाबला. लाल, गोल, हे एवढं मोठं बटण. काही नाही! पुन्हा दाबला. बुक्की मारली! कटर शिकंज्यावर चढला, ठिणग्या उडाल्या, पातं तुटलं आणि इक्बालभाईंच्या कानाजवळून जाऊन मागच्या भिंतीत घुसलं.

प्लग इक्बालभाईंनीच उपटला.

मग मी वायरिंगचं पान काढलं. प्लॅनप्रमाणेच जोडलं होतं मी, एकही वायर इकडची तिकडे नाही. आणि तेव्हा मला कळलं. त्या बटणाची वायर पॉवरला जातच नव्हती! ती कॉम्प्युटरला जात होती. म्हणजे बटण कॉम्प्युटरला सांगणार की 'कृपया थांबा', आणि कॉम्प्युटरला वाटलं तर तो थांबणार!

"ह्याका इमर्जन्सी स्टॉप म्हणतत?" मी ओरडलो. "ही इमर्जन्सी विनंती आसा! अर्ज आसा अर्ज!"

जोगळेकर पांढराफटक पडला होता. राग मला त्याचा नव्हताच खरा. माझाच होता. वीस वर्षं इलेक्ट्रिशियन मी, कारखान्यात असलं वायरिंग कोणी केलं असतं तर त्याला गेटबाहेर काढला असता. इथे मात्र छापलेलं आहे म्हणून डोळे झाकून जोडलं. इक्बालभाईंच्या पोरीला मी काय तोंड दाखवणार होतो?

त्याच आठवड्यात मी कॉन्टॅक्टर, म्हणजे मेन लाइनच तोडणारा स्विच, बसवला. आता बटण दाबलं की वीजच तुटते, विनंती नाही. आणि ते ड्रॉइंग नीट काढून जोगळेकरकरवी फोरमवर टाकलं, वर मोठ्या अक्षरात: 'मूळ वायरिंग धोक्याचं आहे. माणूस मरेल.'

एकाच माणसाने उत्तर दिलं. तीन शब्द. 'वर्क्स फॉर मी.'

* * *

मशीन सरळ रेषा मारायला लागलं. आता फूल.

जोगळेकरने कॉम्प्युटरवर फूल काढलं. एक पाकळी काढली, आठदा चिकटवली, झालं. मशीनने तासाभरात कोरून दिलं. आम्ही दोघे खूश. इक्बालभाईंनी फळी हातात घेतली, फिरवून बघितली.

"जोगळेकर, हे फूल नाय. हा पंख्याचा रेग्युलेटर हाय."

जोगळेकरला लागलं ते. म्हणाला, "इक्बालभाई, हे गणिताने परफेक्ट आहे."

"तेच सांगतंय मी."

मग ते बोटाने दाखवायला लागले. आठांपैकी दोन पाकळ्यांच्या कडा फाटलेल्या होत्या, दाढी उलटी केल्यासारख्या. "लाकडाचे धागे हिकडून तिकडं जातात. या दोन पाकळ्यांना तुझं पातं धाग्याच्या उलटं जातं. तिथं चाल बदल."

"सॉफ्टवेअरमध्ये तसा ऑप्शन नाहीये."

"मग तुझं सॉफ्टवेअर सुतार नाय."

जोगळेकर उठून वर निघून गेला. मला वाटलं, संपलं. पुढच्या शुक्रवारी तो आला तो वही घेऊन. "इक्बालभाई, पहिल्यापासून सांगा. कुठली पाकळी आधी, आणि का."

तीन शुक्रवार तो नुसता विचारत होता. आणि इक्बालभाई चिडत होते! कारण त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं की त्यांना किती माहीत आहे. "अरे, हाताला कळतं रे! आता हाताला कसं विचारू?" मग हवेत पटाशी धरून कोरायची नक्कल करायची, मधेच थांबायचं, आणि चकित होऊन म्हणायचं, "अरे हां, मी इथं वळतंय!" जोगळेकर पटकन लिहून घ्यायचा.

चौथ्या शुक्रवारी मशीनने फूल कोरलं. इक्बालभाईंनी अंगठ्याने कडा बघितल्या, एकेक करून, आठही. मग फळी छातीशी धरून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जोगळेकरने हळूच विचारलं, "काय झालं? चुकलं का?"

"गप रे," इक्बालभाई तिकडेच बघत म्हणाले. "बावीस वर्षं माझी एका पेन ड्राइव्हवर मावली. जरा रडू दे."

* * *

मशीन वर्कशॉपात नेलं. दळवीने परवानगी दिली, 'ट्रायल' म्हणून. पहिला दरवाजा दोन दिवसात झाला. मोठं काम मशीनचं, वरचा हात इक्बालभाईंचा. गिऱ्हाईक खूश. दुसरा, तिसरा, दहावा.

मग एका सकाळी दळवी खिशातून रुमाल काढून आमच्या मशीनवरची धूळ पुसताना दिसला. मला क्षणभर बरं वाटलं हो! मूर्ख मी. तो फोटोची तयारी करत होता.

संध्याकाळी फोटो इंटरनेटवर. दळवी, हाताची घडी घालून, मशीनशेजारी. खाली लिहिलेलं, 'माझ्या व्हिजनमधून आणि माझ्या नेतृत्वाखाली आमच्या वर्कशॉपने घडवलेलं स्वदेशी सीएनसी.' स्वदेशी! मोटरी कुठल्या, प्लॅन कुठला, आम्ही उभे कुठल्या देशात, आणि स्वदेशी!

खरं तर फोटोत इक्बालभाई शेजारीच उभे होते. त्याने त्यांना कापलं होतं. पण घाईत नीट कापता आलं नाही, एक कोपर राहिलं.

मी फोन इक्बालभाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. म्हणाले, "कोपर माझाच हाय."

जोगळेकर ऑफिसमधून सुट्टी टाकून गालाला आला. त्याचा राग पुणेरी. छापील कागद घेऊन येतो. दळवीच्या केबिनमध्ये जाऊन त्याने टेबलावर लायसन्सची प्रिंट ठेवली. "दळवी, हा प्लॅन कोणीही वापरावा, कोणीही सुधारावा. अट एकच आहे. मूळ करणाऱ्याचं नाव ठेवायचं."

दळवी खुर्चीत मागे रेलला. "ठेवलंय की! माझं!"

* * *

आणि हा तो दिवस.

दळवीने मला केबिनमध्ये बोलावलं. थंडगार एसी, माझ्यासाठी चहा. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"सावंत, मशीन आता मस्त चालतंय. डिझाइन्स सगळी पेन ड्राइव्हवर आहेत. मग इक्बालचं काय काम? व्हिसा रिन्यू करत नाही मी त्याचा. बटण तू दाबशील. तुझा पगार बघू."

तोपर्यंत मी त्याला दळवीसाहेब म्हणत होतो. तो माझा शेवटचा 'साहेब'.

"दळवी," मी म्हटलं, "ज्या दिवशी इक्बालभाई विमानात बसतील, त्या दिवशी मशीन माझ्या खोलीत परत."

"मशीन वर्कशॉपच्या आवारात आहे. आवारात आलेली वस्तू वर्कशॉपची."

मग मात्र सुटली. "असां? मगे तू सांजचो घराक कित्याक जातंस? तू पण आवारातच इलंस मां? तू पण वर्कशॉपचोच! ऱ्हव हयसरच, रंद्याच्या बाजूक!"

बाहेर अख्खं वर्कशॉप थांबलं होतं. चहा मी पिऊन तर नाहीच आलो, सांडूनही आलो.

बाकापाशी आलो तर इक्बालभाईंना सगळं ऐकू गेलेलं. ते आपल्या पटाश्या एकेक करून तेलाच्या फडक्याने पुसत होते आणि कापडात गुंडाळत होते. मोठी, मधली, लहान. राग नाही, शिवी नाही, काही नाही. मला म्हणाले, "ओरडू नको रे सावंता. तुझं प्रेशर वाढंल."

ते मला सहन होईना. त्यांनी माझ्या श्रीमुखात दिली असती तरी चाललं असतं. मशीन करू या म्हणणारा मीच होतो ना? महिनाभर मी मशीनकडे बघितलं की त्यात मला इक्बालभाईंचं परतीचं तिकीट दिसायचं. रोज सकाळी मेन स्विच टाकायचा आणि रोज वाटायचं, नको टाकू या.

* * *

शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे जिवाला घोर लावून ऐकायला नको. इक्बालभाई आजही त्याच बाकावर आहेत. व्हिसा दोन वर्षांचा झाला. मशीन त्यांच्या हाताखाली आहे, आणि दळवी सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या गोडाउनवर आहे. तिथे दरवाजे नाहीत, प्लायवुडची थप्पी आहे.

कसं झालं, ते ऐका.

त्या फोटोच्या प्रकरणानंतर आठवड्याभराने इक्बालभाईंनी एक नवी वेल काढली होती. कागदावर, पेन्सिलीने. दरवाजाच्या अगदी तळाच्या पट्टीसाठी. लांब, टोकदार पानं, मधे गोल फळं, इकडे तिकडे ठिपके. जोगळेकरने ती स्कॅन करून फाईलमध्ये टाकली. मला खरं सांगायचं तर आवडली नव्हती, गिचमीड वाटली. पण दळवीला भयंकर आवडली! म्हणाला, प्रत्येक दरवाजाला हीच लावा. गिऱ्हाइकांना तो ती खाली वाकून दाखवायचा.

अर्बाब सत्तरीचे. एरवी घरी मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत, बसलेले. चार-चार महिन्यांनी एकदा येतात, काठी टेकत एक चक्कर मारतात, कोणाशी फार बोलत नाहीत. त्या दिवशी आले तेव्हा एक तयार दरवाजा बाकावर आडवा पडलेला होता, पॉलिशला. इक्बालभाई कोपऱ्यात खोकी बांधत होते. व्हिसाचे सतरा दिवस उरले होते.

दळवी पुढे धावला. ही मशीन, हा वेग, हे फिनिशिंग, सगळं हिंदीत, कारण अर्बाबना हिंदी चांगली येते. शेवटी म्हणाला, "अर्बाब, अब इक्बाल का जरूरत नहीं. खलास. सब मशीन करता है."

अर्बाब दरवाजावरून हात फिरवत खालच्या पट्टीपर्यंत आले. थांबले.

"ये बेल किसने बनाया?"

"मेरा आयडिया, अर्बाब!" दळवी फुलून म्हणाला. "खास मेरा. हर दरवाजे पे डालता हूँ. अपना सिग्नेचर समझो."

अर्बाबनी आपल्या पायघोळ पांढऱ्या डिशडाशाच्या खिशातून चष्मा काढला. वाकले. वेलीच्या टोकावर बोट ठेवलं आणि हळूहळू सरकवायला लागले. उजवीकडून डावीकडे.

त्यांचे ओठ हलत होते. पट्टीच्या शेवटाला बोट पोचलं. पुन्हा उजवीकडे आणलं, पुन्हा एकदा सरकवलं. मग ती वेल त्यांनी मोठ्याने वाचली, अरबीत. दारात उभा असलेला त्यांचा ओमानी ड्रायव्हर फिसकन हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवून बाहेर पळाला.

दळवी हसरा चेहरा करून उभा. त्याला वाटलं, दुआ आहे.

अर्बाबनी त्याच्याकडे बघून हिंदीत सांगितलं, एकेक शब्द, शाळेतल्या पोराला सांगावं तसं.

"काम इक्बाल का. नाम दळवी का."

रंधा बंद. सँडर बंद. माझ्या पाठीमागे पॉलिशवाल्याच्या हातातला ब्रश टपकत होता, तेवढाच आवाज.

अर्बाबनी चष्मा काढला, मिटला. "कितना दरवाजा गया ऐसा?"

दळवी बोटांवर मोजायला लागला. "अठ्... अठ्ठाईस, अर्बाब."

कोपऱ्यातून खोक्याला दोरी आवळता आवळता, मान वर न करता, इक्बालभाई म्हणाले, "उनतीस. एक अर्बाब की मजलिस में लगाया है."